भिंत उभारली, पाण्याची वाट विसरली

विदर्भाचे नंदनवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिखलदऱ्याला सुमारे १,१०० मीटर उंचीचे वरदान लाभले आहे. सपाट जागेचे मात्र नाही. तेथे हॉटेल वा वाहनतळ उभारायचा तर डोंगर कापावा लागतो किंवा दरीच्या बाजूने भिंत घालून मागे भराव टाकावा लागतो. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांतही सखल भूखंड रस्त्याच्या पातळीला आणण्यासाठी हाच मार्ग अवलंबला जातो. इमारतीच्या नकाशात ही संरक्षक भिंत म्हणजे जेमतेम एक रेघ. प्रत्यक्षात तिच्या भरवशावर वर इमारत उभी असते आणि खाली माणसे वावरत असतात.

कुंपणाची भिंत आणि संरक्षक भिंत यांतील फरक येथे ध्यानात घ्यायला हवा. संरक्षक भिंतीला मागच्या मातीचा आडवा रेटा सोसावा लागतो. उंची दुप्पट झाली की हा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट. त्यात पाण्याची भर पडली की सारे गणितच बदलते. तीन मीटर उंचीच्या भिंतीवर कोरड्या मुरमाचा रेटा दर मीटर लांबीमागे साधारण अडीच ते तीन टन असतो. तोच भराव पाण्याने भरून गेला तर रेटा सहा टनांच्या आसपास जातो. म्हणजेच उन्हाळ्यात भक्कम भासणारी भिंत आषाढातही भक्कम असेलच, असे नाही.

वऱ्हाडात या धोक्याला काळ्या मातीची जोड आहे. कापसाला पोसणारी ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसून भेगाळते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होत नाही. भिंतीमागे भरण्यास ती अयोग्यच. तरीही पायाच्या खोदकामातून निघालेली माती वाहून नेण्याचा खर्च वाचवण्यासाठी तीच मागे लोटण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

अशा बेफिकिरीची किंमत कोण मोजतो, हे २०१९च्या पावसाळ्याने राज्याला दाखवून दिले. २९ जूनच्या पहाटे पुण्यातील कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जणांचा बळी गेला. तीनच दिवसांनी, २ जुलै रोजी, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात मुसळधार पावसात भिंत कोसळून वीसहून अधिक रहिवासी मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी मेले ते भिंतीच्या पायथ्याशी आसरा घेतलेले गरीब.

उपाय अवघड नाहीत. भिंतीमागे खडी वा दगडाचा थर, पाणी बाहेर पडण्यासाठी ठरावीक अंतरावर छिद्रे, माथ्यावर पाणी वळवणारी गटार आणि कठीण मुरमापर्यंत नेलेला पाया, एवढे तरी झालेच पाहिजे. डोंगराळ भागातील संरक्षक भिंतींसाठी भारतीय मानक ब्युरोची १९९८ची मार्गदर्शिकाही उपलब्ध आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. दीड मीटरहून उंच प्रत्येक भिंतीचा आराखडा स्वतंत्रपणे तपासणे, भराव टाकण्यापूर्वी निचऱ्याच्या थराची पाहणी करणे, पावसाळ्याआधी छिद्रे मोकळी करून घेणे आणि भिंतीखाली मजुरांच्या झोपड्यांना मज्जाव करणे, एवढे स्थानिक यंत्रणांना सहज करता येईल.

गाविलगड आणि नरनाळ्यावर आजही तटांइतकीच तळीही लक्ष वेधून घेतात. डोंगरावर वस्ती करायची तर आधी पाण्याची व्यवस्था लावावी लागते, याचे भान त्या काळच्या गवंड्यांना होते. हाती यंत्रे आणि सिमेंट असलेल्या आपल्या पिढीला ते नसावे, ही शोचनीय बाब आहे. पाण्याला वाट दिली नाही, तर ते स्वतःची वाट स्वतःच काढते. आणि ती बहुधा कुणाच्या तरी घरातून जाते.