भोंगा कोणी वाजवायचा?

विद्यार्थ्यांनी मोबाइलच्या आहारी जाऊ नये, हा उपदेश आपल्याकडे आता इतका सर्वमान्य झाला आहे की, तो करणाऱ्यास विचार करावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यास काही करावे लागत नाही. स्नेहसंमेलनाचे अध्यक्ष तो करतात, पदवीदानाचे प्रमुख पाहुणे करतात, घरोघरचे पालक तर रोजच करतात. आणि उपदेश संपताच वक्ता व श्रोते या दोघांचेही हात खिशाकडे जातात. ज्या प्रश्नावर सर्वांचे एकमत आहे आणि तरीही ज्यात काडीचा फरक पडत नाही, त्या प्रश्नाची मांडणीच कोठेतरी चुकली असली पाहिजे.

समाजमाध्यमांच्या अतिवापराने तरुण मनास अपाय होतो, ही केवळ वडीलधाऱ्यांची कुरकुर नव्हे. फेसबुक २००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जन्मास आले आणि पुढील काळात एकेक करीत इतर महाविद्यालयांत पोहोचले. त्यामुळे ते पोहोचलेली व न पोहोचलेली महाविद्यालये यांची तुलना करण्याची संधी अभ्यासकांना आयतीच मिळाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, जेथे फेसबुक आले तेथील विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य खालावले, विशेषतः नैराश्याची लक्षणे वाढली. इतरांचे आयुष्य आपल्याहून सुखाचे आहे, ही तुलना त्यामागे असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. उलट, २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, ज्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम व स्नॅपचॅट यांचा वापर तीन आठवडे प्रत्येकी दहा मिनिटांवर आणला, त्यांचा एकाकीपणा व नैराश्य कमी झाले.

याचा अर्थ विद्यार्थ्यांच्या साऱ्या दुःखांचे खापर मोबाइलवर फोडावे असा मात्र नाही. पदवीनंतरची बेकारी, स्पर्धापरीक्षांत सरणारी वर्षे, न परवडणारे शुल्क ही दुःखे मोबाइलच्या आधीची आहेत, आणि त्यांच्यावरील उपाय शासनाच्या हाती आहेत. शिवाय खेड्यातून शहरात आलेल्या मुलास घरच्यांचा चेहरा याच यंत्रावर दिसतो व शिष्यवृत्तीची वार्ताही त्यावरच कळते. अतिवापर वाईट आहे, वापर नव्हे.

मग सुजाण विद्यार्थ्यास हे कळत असूनही वळत का नाही? त्याची इच्छाशक्ती दुबळी आहे, हे आपले ठरलेले उत्तर आहे. ते अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांचा एक मार्मिक अभ्यास प्रसिद्ध केला. आपले खाते चार आठवडे बंद ठेवण्यास काय घ्याल, असे विचारता विद्यार्थ्यांनी इन्स्टाग्रामसाठी सरासरी सुमारे ४७ व टिकटॉकसाठी ५९ डॉलर मागितले. पण आपल्याबरोबर विद्यापीठातील इतरांचीही खाती बंद होणार असतील तर? तेव्हा हिशेब उलटला. त्यासाठी उलट आपल्याच खिशातून अनुक्रमे सुमारे १० व २८ डॉलर देण्यास ते सिद्ध होते! म्हणजे ज्या वस्तूवाचून आपले अडते असे प्रत्येकास वाटते, ती मुळात नसतीच तर बरे, असेही त्यांच्यातील अनेकांस वाटते. सर्व आत आहेत म्हणून प्रत्येक जण आत आहे. एकट्याने बाहेर पडणे म्हणजे वर्गाच्या गप्पांतून, सहलीच्या बेतातून व मित्रमंडळातून स्वतःस हद्दपार करून घेणे होय. ही शिक्षा विसाव्या वर्षी कोण स्वेच्छेने पत्करील?

रोग सामुदायिक असेल तर एकेकट्यास दिलेल्या उपदेशाने तो बरा होणार नाही. ही गोष्ट आमच्या विद्यापीठांआधी सांगली जिल्ह्यातील एका खेड्यास उमगली. मोहित्यांचे वडगाव येथील ग्रामस्थांनी २०२२ साली ठरविले की, सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवावयाचे. कोविडच्या काळात अभ्यासासाठी हाती आलेला मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, म्हणून हा उपाय निघाला. त्यातील मर्म असे की, भोंगा मुलांसाठीच नव्हे, आईबापांसाठीही वाजतो आणि एकाच वेळी सर्वांसाठी वाजतो. त्या दीड तासात कोणी मागे पडत नाही, कारण पुढे जाण्यास कोणी उरतच नाही.

विद्यापीठातील विद्यार्थी सज्ञान असतात; त्यांच्यावर अशी बंधने लादणे योग्य नव्हे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, म्हणूनच ही बंधने लादू नयेत. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी आपल्या सभेत बहुमताने वेळ ठरवावी व तिचा अंमलही आपणच करावा. भोजनगृह आणि रात्रीचे दोन तास यांपासून आरंभ करता येईल. संस्थाचालकांनी मात्र प्रथम आपले घर सुधारावे. परीक्षेचे वेळापत्रक, तासिकांतील बदल व शुल्काची मुदत जोवर रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपच्या गटावर कळविली जाते, तोवर मोबाइल खाली ठेव असे विद्यार्थ्यास सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. सूचना दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, संकेतस्थळावर व फलकावर लावाव्यात. रात्री गट मुका ठेवावा. आणि शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेला आदेश कागदावर राहू देऊ नये.

यांपैकी कशासही मोठा निधी वा नवा कायदा लागत नाही. पुण्यामुंबईच्या एका तरी वसतिगृहाने येत्या सत्रात हा प्रयोग करून पाहावा आणि त्याचे बरेवाईट फळ समाजापुढे ठेवावे, अशी आमची सूचना आहे. प्राध्यापकांनी व अधिकाऱ्यांनीही त्या दोन तासांत आपले मोबाइल मिटावेत, ही मात्र त्या प्रयोगाची पहिली अट असली पाहिजे.