मुलांचा गिनीपिग

मुलांच्या हट्टास्तव घरांत गिनीपिग आणावयाचे झाल्यास ते दोन आणावे. आणि शक्य तों दोन्ही माद्याच असाव्या, नाहीं तर थोडक्याच महिन्यांत पिंजरा अपुरा पडतो! दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतला हा गरीब प्राणी कळपानें राहणारा असल्यामुळें एकटा झुरतो.

वाटीभर धान्य घातलें कीं आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु क जीवनसत्त्व शरीरांत तयार करण्याची शक्ति आपल्याप्रमाणेंच या प्राण्यासही नाहीं. नुसत्या धान्यावर ठेविलेल्या गिनीपिगांस स्कर्व्ही होते, हें नॉर्वेंतील होल्स्ट व फ्रोलिख यांनीं १९०७ सालीं दाखवून दिलें. सांधे दुखतात, चालवत नाहीं, आणि कांहीं आठवड्यांतच बिचारा दगावतो. मुलांस वाटतें, तो असाच मेला!

तेव्हां ढोबळी मिरची व कोथिंबीर ताजी, धुतलेली आणि रोज द्यावी. त्याचे दांत जन्मभर वाढत असल्यामुळें ते झिजण्यासाठीं सुकें गवतही सदैव पुढें असावें. गिनीपिगांचें ताट झाल्यावरच मुलांचें पान वाढावें, असा घरांत नियमच करावा. मुक्या जीवास मागतां येत नाहीं.