वाहनाची रोजकीर्द

पेढीच्या हिशेबात तफावत आढळली, तर जाणता मुनीम नवी वही आणावयास सांगत नाही. रोजकीर्द उघडून एकेक नोंद ताडून पाहतो. वाहनातील विजेचा दोष शोधतानाही हीच रीत हितावह ठरते. सांगलीतील एका धान्य-व्यापाऱ्यास हे थोडे उशिरा उमगले.

त्यांचा डिझेल टेम्पो रत्नागिरीहून परतीचा माल घेऊन आंबा घाट चढू लागला, की समोरचा इंजिनचा दिवा लागे आणि गाडीची ओढ नाहीशी होई. चावी बंद करून पुन्हा फिरवली, की सारे पूर्ववत. गॅरेजमध्ये मात्र दोष दिसत नसे. स्कॅनरवर रेल प्रेशर सेन्सरच्या सर्किटचा कोड उमटला, म्हणून सेन्सर बदलला; पाठोपाठ डिझेल फिल्टरही बदलला. तक्रार कायम राहिली. अखेर शेठजींच्या मनात संशय शिरला, की बारा वर्षांचा जुना चालक डिझेलमध्ये भेसळ तर करीत नसेल? त्यांनी डिझेल भरण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले. चालक काही बोलला नाही.

पुढे गाडी एका वयस्क वायरमनकडे गेली. त्याने सांगितले, ‘‘सेन्सर बिघडला, असे कोड म्हणत नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, कनेक्टर, वायरी, अर्थिंग आणि इसीएम, हे सगळेच.’’ मग त्याने चालकालाच विचारले, दोष नेमका केव्हा येतो? उत्तर स्पष्ट होते: भरलेल्या गाडीत, चढणीवर. रिकाम्या गाडीत किंवा सपाट रस्त्यावर कधीच नाही.

या सेन्सरला तीन वायरी असतात: एकीतून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची, तिसरी संकेताची. इंजिन बंद व चावी चालू असताना संकेत साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवा. मीटरवर तो तसाच होता. वायरमनने मीटर जोडलेला ठेवून वायरींचा जुडगा वीत-वीत अंतरावर हलवण्यास आरंभ केला. इंजिनच्या बाजूच्या लोखंडी पट्टीपाशी हात येताच आकडा शून्यावर कोसळला. तेथे संकेताच्या वायरीचे आवरण घासून तांबे उघडे पडले होते. चढणीवर जोर लागला, की इंजिन आपल्या रबरी बैठकीवर किंचित कलते. तेवढ्याने तांबे पट्टीस टेकत असे. संकेत हरवताच इसीएम इंजिनाच्या रक्षणासाठी शक्ती कमी करी.

वायर नीट जोडून त्यावर स्लीव्ह चढवली, जुडगा पट्टीपासून दूर क्लिपने बांधला. नंतर गाडी भरून त्याच घाटात चालवून पाहिली. दिवा लागला नाही.

गाडी बाळगणाऱ्या कुटुंबांनी इतके ध्यानात ठेवावे: सुटा भाग विकत घेण्यापूर्वी वायर व कनेक्टर तपासावेत. दोष कोठे, किती मालावर, गरम की थंड इंजिनावर आला, याची नोंद चालकाने वहीत करावी. चालू इंजिनाची डिझेल-नळी मात्र कोणीही सैल करू नये. आतील दाब हजार बारपेक्षाही अधिक असू शकतो.

त्या सायंकाळी शेठजींनी डिझेलची वही चालकापुढे ठेवली. म्हणाले, ‘‘मामा, आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं. चुकलं माझं.’’ मामांनी वही उचलली आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीची नोंद केली.