आधी बघा, मग ठरवा

एखाद्या व्यावसायिकाबरोबर दोन-चार दिवस राहायचं, त्याचं काम जवळून पाहायचं आणि मग आपली वाट ठरवायची, याला जॉब शॅडोइंग म्हणतात. दहावीच्या मुलांसाठी शाळांनी ही सोय करावी असं म्हटलं, की आक्षेपांची सरबत्ती सुरू होते. त्यातले चार आक्षेप वजनदार आहेत. ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप : दोन दिवसांत कुणाला काय कळणार? बारावीनंतर वकील व्हायलाच पाच वर्षं लागतात. इथे शिकणं आणि पारखणं यांची गल्लत होते. दोन दिवसांत वकिली येणार नाही हे उघड आहे, पण वकिलाचा दिवस कसा जातो ते नक्की कळेल. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर एक सकाळ बसलं तरी पुरे. सुनावणी खुली असावी हा कायद्याचाच दंडक आहे. काही अपवाद सोडले तर तिथे बसायला कुणाची ओळख लागत नाही. सिनेमातली दणदणीत भाषणं तिथे क्वचितच ऐकू येतात. शिपाई पुकारा करतो, वकील उठतात, साक्षीदार आलेला नसतो, पुढची तारीख पडते आणि दोन मिनिटांत दुसरं प्रकरण सुरू होतं. बाहेर व्हरांड्यात तोच वकील वैतागलेल्या पक्षकाराची समजूत काढत असतो. त्याचा ज्युनिअर फायलींचा गठ्ठा सांभाळत, शेजारच्या कोर्टात आपला नंबर लागला का, ते पाहायला धावतो. हे पाहून एखाद्याला वाटेल, एवढा धीर आपल्याकडे नाही. एखादीला वाटेल, अडलेल्या माणसाच्या पाठीशी असं उभं राहणं हेच मला करायचंय. दोघांचीही सकाळ सत्कारणी लागली.

दुसरा आक्षेप : कल चाचण्या आहेत, समुपदेशक आहेत, मोबाइलवर हवे तेवढे व्हिडिओ आहेत, मग ही उठाठेव कशाला? महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू झाली, ते पाऊल चांगलंच होतं. पण चाचणी मुलाचा कल सांगते, कामाचा स्वभाव सांगत नाही. ‘आरोग्यसेवा’ असा शेरा मिळाला तरी वॉर्डातला वास सोसवेल का? रात्रपाळीची परिचारिका घरी जाण्याआधी सकाळपाळीच्या परिचारिकेला एकेका खाटेपाशी उभी राहून रुग्णाची हकिगत सांगते. कोणतं औषध कधी दिलं, ताप कितीवर गेला, सलाईन कधी बदलायचं. रात्रभर जागूनही यात कसूर चालत नाही. ही शिस्त आपल्याला मानवेल का, याचं उत्तर प्रश्नपत्रिकेत नसतं आणि व्हिडिओतही नसतं, कारण व्हिडिओत कामातले वेचक क्षण तेवढे येतात.

तिसरा आक्षेप : पुढे अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळतो. मिळतो, पण केव्हा? एमबीबीएसची इंटर्नशिप साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर येते. सीएची आर्टिकलशिप परीक्षेचे टप्पे पार केल्यावर. तोवर क्लासची फी भरून झालेली असते, तारुण्याची उमेदीची वर्षं गेलेली असतात आणि मागे फिरायची लाज वाटू लागलेली असते. आंब्याची पेटी घेतानाही आपण एक फळ हातात घेऊन पाहतो. मुलांना मात्र आधी आयुष्य निवडायला लावतो आणि मग ते दाखवतो.

चौथा आक्षेप सर्वांत मोलाचा : ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनाच दारं उघडतील, ऊसतोड मजुराच्या मुलीला कोण जवळ उभं करील? हे वास्तव खरं आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. डॉक्टरच्या मुलाला आजही सगळं दिसतंच. दवाखाना घराखालीच असतो आणि जेवताना गप्पा रुग्णांच्याच चालतात. वंचित राहते ती मजुराची मुलगी, म्हणूनच हे काम पालकांच्या ओळखींवर न सोडता शाळेनं अंगावर घ्यायला हवं. जपानमधल्या ह्योगो प्रांतानं १९९८पासून हेच केलं. तिथे साधारण आपल्या आठवीच्या वयाची मुलं पाच दिवस परिसरातल्या दुकानांत, बालवाड्यांत, शेतांवर जातात. आपल्याकडेही याला आधार आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्यासोबत काढण्याची तरतूद आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आकाराला आलेला, हातानं काम करत शिकायचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला. खेड्यातल्या शाळेला हे झेपत नाही, असं म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

मग करायचं काय? वेळ कुठून काढायचा हा प्रश्नच नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते, अकरावीचे प्रवेश निकालानंतर होतात. मधले आठवडे मोकळे आहेत आणि शाखा तर तेव्हाच ठरायची असते. प्रत्येक मुलानं किमान दोन कामं पाहावीत, त्यातलं एक घरात कुणीच न केलेलं असावं. बँकेइतकंच गॅरेज, वेधशाळेइतकीच रोपवाटिका पाहण्याजोगी आहे. मुलांनी फक्त पाहायचं आणि विचारायचं, कामाला जुंपून घ्यायचं नाही, हा नियम कडक हवा. रुग्णाची किंवा पक्षकाराची परवानगी नसेल तर बाहेर थांबायचं. मुली दोघी-दोघी जातील आणि शिक्षक रोज चौकशी करतील. संध्याकाळी वहीत लिहायचं : आज काय आवडलं, काय नकोसं वाटलं, या माणसाला इथवर यायला काय करावं लागलं. ‘हे मला नको’ एवढंच कळलं, तरी ती कमाईच समजायची.

उमेदीची तीस-चाळीस वर्षं ज्या कामात जाणार, ते काम निवडण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहायला मिळावं, हा मुलांचा हक्क आहे. यंदाची परीक्षा सुरू होण्याआधी प्रत्येक मुख्याध्यापकांनी आपल्या परिसरातल्या वीस कामकरी माणसांची यादी करावी आणि त्यांना शब्द टाकावा. ज्यांना विचारणा होईल त्यांनी दार उघडावं. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही.