धाकट्यांची शाळा शेवटी का?

कोरोनात कोणत्या देशाने काय केलं, म्हटलं की आपण रुग्णांचे आकडे मांडतो. पालकहो, शाळांकडेही बघा ना! डेन्मार्कने 15 एप्रिल 2020 पासून शाळा उघडल्या, त्या आधी लहानग्यांसाठी. स्वीडनने तर प्राथमिक शाळा सरसकट बंद केल्याच नाहीत. आपल्याकडे मार्च 2020 मध्ये लागलेलं कुलूप पहिली ते चौथीसाठी 1 डिसेंबर 2021 पासून निघू लागलं. सगळ्यात शेवटी! आपले दाटीवाटीचे वर्ग, दुसरी लाट... मान्य. पण आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार मे 2021 मध्ये कोरोनामुक्त झालं होतं. जुलैत अशा गावांना परवानगी मिळाली, तीही आठवी ते बारावीलाच. मोठी मुलं मोबाईलवर कशीबशी शिकतात हो. पहिलीच्या पोराला पेन्सिल धरायला बाईंचा हातच लागतो.