आधी फ्लोट बघा
जुनी प्रीमियर पद्मिनी काळा धूर सोडू लागली, प्लग काजळले आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा आला, की बहुतेकांचा स्क्रू ड्रायव्हर आधी कार्बोरेटरच्या मिक्श्चर स्क्रूकडे वळतो. ही घाई चुकीची आहे. तो स्क्रू मुख्यतः आयडलिंगपुरता असतो. गाडी वेगात असताना पेट्रोल मेन जेटमधून येते, त्यामुळे हायवेवरचा धूर त्या स्क्रूच्या खात्यावर टाकता येत नाही. गळती आणि धूर जोडीने दिसले, तर पहिला संशय फ्लोट चेंबरमधल्या पातळीवर घ्यावा. नीडल व्हॉल्व्ह झिजला, त्यात कचरा अडकला किंवा पोकळ फ्लोटला छिद्र पडून तो जड झाला, की बॉलकॉक बिघडलेल्या टाकीसारखे पेट्रोल चढतच राहते. थोडे बाहेर सांडते, बाकीचे थेट इंजिनात. फ्लोट काढून कानाशी हलवला, तर आत शिरलेले पेट्रोल ऐकूही येते. चोक अडकला असेल, असे कोणी म्हणेल. जरूर तपासा, पण त्याने धुराचा उलगडा होईल, गळतीचा नाही. हल्ली सगळे खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फुटते. त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रण उलट पातळ होते. मात्र ते जुने रबर खराब करते, टाकीतली घाण सोडवते आणि ती नीडलखाली जाऊन बसते, एवढा दोष त्याचा खरा. तेव्हा फ्लोटची पातळी नीट लावल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका, आणि गळती थांबेपर्यंत गाडी सुरूही करू नका. तापल्या इंजिनावर सांडलेले पेट्रोल पेट घेऊ शकते.