गाडी ऑइल पिऊ लागली की...

आपल्या वस्तीत कोरी करकरीत मोटार क्वचितच येते. येते ती एकाने, कधी दोघा-तिघांनी वापरलेली. कुणी पतपेढीचे कर्ज काढून जुनी ओम्नी घेतो आणि तिच्यावर भाजीची, मंडपाच्या सामानाची ने-आण करतो. कुणी म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला बरी म्हणून मारुती ८०० घेतो. ही ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली व २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले. तेव्हा आपल्या दारात उभ्या असलेल्या यातल्या बहुतेक गाड्या वयाने प्रौढ आहेत आणि प्रौढ इंजिनाची एक खोड ठरलेली असते. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो आणि ऑइल कमी होऊ लागते.

अशा वेळी गॅरेजवाल्याच्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडते: "इंजिन गेलं, पूर्ण काम करावं लागेल." हे ऐकले की घरात सुतकी कळा येते. कर्जाचे हप्ते चालूच असतात, त्यात आणखी तीस-चाळीस हजार कुठून आणायचे? कुणी बाईचे दागिने गहाण टाकतो, कुणी गाडी भंगारच्या भावाने विकतो. काही वेळा मिस्त्रीचे म्हणणे खरेही असते. परंतु प्रत्येक निळा धूर म्हणजे इंजिन गेले असे मुळीच नाही. म्हणून इंजिन खोलू देण्याआधी आपण स्वतः काय पाहायचे, ते या वेळी सांगायचे आहे. गाडी पुरुष चालवत असला तरी घरातला खर्च ज्या बाईच्या हातून जातो, तिनेही हे वाचावे.

प्रथम धुराचा रंग नीट पाहा. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर पांढरी वाफ निघते व इंजिन तापले की जाते. ते सायलेन्सरमधले पाणी असते, त्याची काळजी नको. पांढरा धूर दिवसभर येत असेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर मात्र पाणी इंजिनात शिरते आहे. तो वेगळा आजार. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. कार्बोरेटर किंवा एअर फिल्टर बघावा. निळसर-राखी धूर आणि जळक्या तेलाचा उग्र वास, हे ऑइल जळत असल्याचे लक्षण. इंजिन चालू असताना सायलेन्सरच्या तोंडाशी थोड्या अंतरावर पांढरा कागद धरून कुणाला तरी रेस द्यायला सांगा. कागदावर तेलकट ठिपके उमटले तर शंका पक्की. हा प्रयोग उघड्या जागेत करावा. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून धूर बघत बसणे जिवावर बेतू शकते, कारण त्या धुरातल्या विषारी वायूला रंगही नसतो, वासही नसतो.

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवर आयुष्य काढलेल्या मंडळींना निळ्या धुराचे काही वाटत नाही. त्या स्कूटरमध्ये आपण पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकत होतो, ते जळणारच. मोटारीचे इंजिन फोर-स्ट्रोक असते. त्यातले ऑइल खाली चेंबरमध्ये राहायचे असते, पेट्रोल जळते त्या जागी त्याने जायचे नसते. ते तिथे पोहोचते, तेव्हा त्याची वाट कोणती हे शोधायचे. वाटा मुख्यतः दोन. एक वरून, हेडमधल्या वॉल्व्हच्या दांड्यावरून. तिथे रबराचे छोटे सील असतात. वर्षानुवर्षे तापून ते दगडासारखे कडक होतात व ऑइल खाली पाझरते. दुसरी वाट खालून, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्यामधून. रिंगा झिजल्या किंवा कार्बनने जाम झाल्या, बोअर घासला, की ऑइल वर चढते.

वरची वाट दुरुस्त करायला सील लागतात, ते काही शे रुपयांत येतात. खालच्या वाटेला हजारो रुपये लागतात. सगळा पेच इथे आहे. धूर मात्र दोन्हींचा निळाच.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाची ओम्नी अशीच धूर ओकू लागली. गॅरेजवाल्याने पुढची सीट उचलली, एकदा रेस दिली आणि पस्तीस हजारांचा आकडा सांगून टाकला. पोरगा हवालदिल झाला. वस्तीतच एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक फिटर काका राहतात. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. फक्त विचारले, "धूर येतो कधी?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येतो आणि मिनिटभरात साफ होतो, तर संशय वॉल्व्ह सीलवर. रात्री हेडमधले ऑइल दांड्यावरून थेंब थेंब खाली उतरलेले असते, तेच सकाळी जळते. सिग्नलला दोन-तीन मिनिटे इंजिन नुसते चालू राहिले आणि निघताना रेस देताच मागे धूर आला, तरी सीलच. कसाऱ्यासारखा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये आणि पाय रेसवरून काढलेला, खाली येऊन पुन्हा रेस दिली की धूर, हीसुद्धा सीलची किंवा वॉल्व्ह गाईडची खूण. रेस सोडलेली असताना इंजिन आतून जोराने हवा ओढते, ती ओढ ऑइललाही खेचून घेते.

याउलट चढावर, भरलेल्या गाडीला जोर लावताना धूर वाढत असेल आणि तापलेल्या इंजिनालाही तो सतत येत असेल, तर रिंगा व बोअर यांच्याकडे बोट जाते. त्याच्या जोडीला इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहा. आतून फकफक करत धूर जोराने बाहेर येत असेल तर त्याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. किंचित वाफ जुन्या इंजिनात येतेच, तिला घाबरू नये. झाकण काढताना गरम ऑइलचे शिंतोडे उडतात, तेवढे सांभाळा.

त्या तरुणाच्या गाडीचा धूर सकाळचा आणि सिग्नलचा होता. चढावर गाडी साफ ओढत होती. काका म्हणाले, "कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय एक नटसुद्धा खोलू देऊ नकोस."

कॉम्प्रेशन मोजणे म्हणजे डॉक्टरने रक्तदाब बघण्यासारखे. मोजायला घड्याळासारखे गेज असते आणि अर्ध्या तासात काम होते. इंजिन गरम करून सगळे प्लग काढायचे, इग्निशनची जोडणी सोडवायची, रेस पूर्ण दाबून ठेवायची आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर फिरवायचा. बॅटरी चांगली हवी. ८०० व ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनाला तीन सिलिंडर, म्हणून तीन आकडे मिळतात. ते कागदावर लिहून घ्या. समजा दोन सिलिंडर १६५ आणि १६० पौंड दाखवतात आणि तिसरा १०५. मग त्या तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा चांगला वर गेला तर रिंगा-बोअर झिजलेले, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजवली. आकडा जागचा हलला नाही तर दोष वॉल्व्हच्या बैठकीत किंवा हेड गॅस्केटमध्ये. तिन्ही आकडे चांगले असतील आणि तरीही ऑइल जळत असेल, तर सीलचा संशय बळावतो. इथे एक सावधगिरी हवी. सर्वांत खालची ऑइल रिंग कार्बनने जाम झाली तर कॉम्प्रेशन चांगले दिसूनही ऑइल जळते. म्हणून नुसत्या आकड्यांवर न जाता धूर येण्याची वेळही जोडीला धरायची. काढलेले प्लगही पाहा. एकच प्लग तेलाने ओला व काळा असेल तर दोष त्याच घरचा.

ओम्नीचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. मग काकांनी ओळखीच्या मिस्त्रीकडून सील बदलून घेतले, तेही हेड न उतरवता. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडून पिस्टन वर आणायचा, म्हणजे वॉल्व्ह खाली पडत नाही आणि स्प्रिंग काढता येते. ही जुन्या मिस्त्रींची युक्ती आहे. पस्तीस हजारांचे काम सील आणि एका दिवसाची मजुरी यांत भागले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हा प्रकार टळला.

सील आणि रिंगा यांच्याही आधी तपासायच्या काही फुकटच्या गोष्टी आहेत. ऑइल जळते आहे की गळते आहे? रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग पाहा. टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा क्रँकचे सील गळत असेल, तर धुराशिवायही ऑइल कमी होते. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरलेले नाही ना? पट्टीवरच्या वरच्या खुणेच्या पुढे गेलेले ऑइल इंजिनात घुसळून निघते व श्वासनळीतून वर जाते. ती श्वासनळी, म्हणजे टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा रबरी पाईप आणि त्यातला वॉल्व्ह, मळाने तुंबलेली नाही ना? एअर फिल्टर ऑइलने भिजलेला दिसला तर आधी ती साफ करून घ्या. कित्येकदा तेवढ्याने धूर निम्मा होतो.

आता वहीचे. कारकुनाला वहीशिवाय दुसरे काय सुचणार, असे म्हणाल तर म्हणा. एक छोटी वही गाडीत ठेवावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, किती ऑइल टाकले, एवढेच लिहायचे. दर रविवारी सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर, पट्टी पुसून पाहायची. समजा ६२,३४० वर पातळी वरच्या खुणेपर्यंत होती आणि ६३,८४० पर्यंत तिथेच राखायला ६०० मिली ऑइल लागले. म्हणजे १,५०० किलोमीटरला ६००, हजाराला ४००. ही वही पुढे टाकली की गॅरेजवाल्याची बोलण्याची पट्टी बदलते. शिवाय निर्णयही सोपा होतो. महिन्याला तीनशे किलोमीटर चालणारी घरची गाडी हजाराला पाव लिटर पीत असेल, तर खुशाल वरून ऑइल टाकत राहा. त्यासाठी इंजिन उघडणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. तीच गाडी रोज भाड्याला जात असेल आणि आकडा महिन्यागणिक वाढत असेल, तर थांबू नका. दुरुस्त करा, नाहीतर विका, पण हिशेबाने.

ऑइल टाकायचा मात्र कंटाळा नको. ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत थांबणारे लोक मी पाहिले आहेत. तो दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. चालताना तो लागला तर घर दोन किलोमीटरवर असले तरी इंजिन तिथल्या तिथे बंद करावे. बेअरिंग जाम झाले की शंभर-दोनशे रुपयांच्या ऑइलपायी खरोखरच इंजिन जाते.

पी.यू.सी. पास झाली म्हणून निर्धास्त राहू नये. पेट्रोल गाडीची तपासणी उभ्या गाडीवर होते, रेस देताना येणारा धूर त्यात सुटून जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रदूषणासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि मागच्या सायकलवर जे पोर बसलेले असते, त्याच्या नाकात तो धूर जातो, हेही आहेच.

जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यांनी सकाळी लवकर, न कळवता जावे. पोहोचताच बोनेटवर हात ठेवा. ते गरम लागले तर धुराचा पहिला लोट तुम्हाला दिसू नये म्हणून इंजिन आधीच चालवलेले असू शकते. ते गार होईपर्यंत थांबा. ऑइलची पट्टी बोटांत घासून पाहा. मधासारखे दाट लागले तर धूर दाबण्यासाठी जाड औषध टाकलेले असण्याचा संभव आहे. त्याचा असर थोडे दिवस राहतो, तुमचे हप्ते चालू होईपर्यंत.

आणि खरोखरच रिंगा-बोअर गेले असतील, तर "नुसत्या रिंगा टाकून देतो" या स्वस्त बोलीला भुलू नका. घासून लांबट गोल झालेल्या बोअरमध्ये नवी गोल रिंग बसत नाही, काही महिन्यांत धूर परत येतो. बोअर मोजून घ्या, तो मर्यादेबाहेर झिजला असेल तर लेथवर मोठा करून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. जाड पिस्टन घालावा लागतो. मोजलेले आकडे बिलावर लिहून मागा, जुने पिस्टन व रिंगा पिशवीत घालून घरी आणा. काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर थोडे ऑइल जळू शकते, कारण रिंगा बोअरला बसायच्या असतात. तेवढ्या काळात गाडी फार पळवू नये, फार ओझेही लादू नये. पहिले ऑइल हजाराच्या आतच बदलावे आणि वहीत नवे पान उघडावे.